पोरं गोळ्यांच्या नादी का लागतात, आणि गावानं करायचं काय?

तापीकाठचा (चोपडा तालुका)

मंडळी, राम राम.

आमच्या गावाबाहेर कापसाची एक जुनी जिनिंग आहे. बंद पडून बरीच वर्षं झाली, पत्रे कोणी काढून नेले, भिंती तेवढ्या उभ्या. गेल्या महिन्यात तिथं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग आणि गोळ्यांच्या फाडलेल्या पट्ट्या सापडल्या. एवढा खोकला अख्ख्या तालुक्याला नाही. पोरं कोणती ते गावात सगळ्यांना माहीत आहे, उघड बोलत मात्र कोणी नाही.

आता ग्रामसभेत हा विषय येणार आहे. एका गटाचं म्हणणं असं की जो पोरगा सापडेल त्याच्या घराशी गावानं व्यवहार तोडावा, मयतीला नि लग्नाला जाऊ नये, म्हणजे वचक बसेल. दुसरा गट म्हणतो पोलिसात द्या. तिसरा गट गप्प आहे, कारण पोरं त्यांच्यातलीच आहेत.

अमेरिकेत अशाच गोळ्यांनी लाखो माणसं गेली असं वाचलं. तिथं एवढं कशामुळं झालं, आणि आपल्या खान्देशात त्यातलं काय लागू पडतं? ‘संगत वाईट’ हे उत्तर मला पुरत नाही. वाईट संगत धरायला पोरांकडं एवढा वेळ मोकळा कसा, हे कोणी सांगेल का?

शेवभाजी_तर्री_जास्त

धागा लांबणार. पुढच्या रांगेत रुमाल टाकून ठेवतो.

छडीवाले_गुरुजी

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. तेहतीस वर्षं शिकवलं. कारण एकच, धाक संपला. बाप पोराला विचारत नाही, पोरगा मास्तरला जुमानत नाही, हातात मोबाईल आणि बुडाखाली हप्त्याची मोटारसायकल. दोन पोरं आत गेली की बाकीची सरळ येतील. अमेरिका बिमेरिका राहू द्या.

औषधवाली (धुळे)

माझं मेडिकल आहे, म्हणून आधी घोळ निस्तरते. बातम्यांत ‘नशेच्या गोळ्या’ म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात. मालेगाव-धुळ्याकडं जिला कुत्ता गोळी म्हणतात ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते. झोपेची, घबराटीची गोळी. अफूशी तिचा संबंध नाही. खोकल्याच्या सिरपमधलं कोडीन आणि अंगदुखीचं ट्रॅमाडॉल ही मात्र अफूच्या कुळातली. कोडीनचा काही भाग शरीरात गेल्यावर मॉर्फिनच होतो.

हा फरक घरच्यांना माहीत हवा. अफूच्या कुळातलं औषध तोडलं की माणूस तळमळतो: जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब, हाडं मोडल्यासारखी दुखणं. जीव सहसा जात नाही. पण अल्प्राझोलाम रोज भरपूर खाणाऱ्याची गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, आणि त्यात दगावण्याची भीती असते. पोराला खोलीत कोंडून ‘उतरू दे’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. दोन्ही एकत्र, वर दारू, हे सगळ्यात वाईट. झोपेतच श्वास मंदावतो.

कायदा आहे. २०१४ पासून अशी औषधं शेड्यूल एच-वन या कडक यादीत आहेत, लाल चौकट असते, डॉक्टरची चिठ्ठी लागते, पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. ट्रॅमाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. रजिस्टर पाळणारे आम्ही बरेच आहोत. न पाळणाऱ्याचा गल्ला आमच्यापेक्षा मोठा असतो, हेही खरं.

धरणगाव_ते_कोलंबस

मूळचा धरणगावचा, सध्या ओहायो राज्यात कोलंबसला. धागाकर्त्यानं अमेरिकेचं विचारलंय तर जरा सविस्तर लिहितो.

इथं सुरुवात पडक्या जिनिंगमध्ये झाली नाही, दवाखान्यात झाली. १९९६ मध्ये पर्ड्यू नावाच्या कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्याच कुळातली दुखण्यावरची गोळी बाजारात आणली. ‘हिचं व्यसन क्वचितच लागतं’ असं कंपनीची माणसं डॉक्टरांना पटवत फिरली. आधार काय, तर १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं पाच वाक्यांचं पत्र. दवाखान्यात अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ पेशंटपैकी चौघांनाच व्यसन लागल्याचं दिसलं, एवढंच त्यात होतं. ती माणसं दवाखान्यात दाखल होती, नर्सच्या हातून औषध घेणारी. घरी महिनोन्‌महिने डबा भरून गोळ्या खाणाऱ्यांबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. कंपनीनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

वेस्ट व्हर्जिनियात केर्मिट म्हणून गाव आहे. वस्ती चारशेच्या आत. तिथल्या एका मेडिकलला दोन वर्षांत जवळपास ९० लाख गोळ्या पोचल्या. पाठवणाऱ्या घाऊक कंपन्यांना वस्ती दिसत नव्हती असं नाही.

आता गुरुजींच्या मुद्द्याकडं. आमच्याच राज्याच्या दक्षिणेला पोर्ट्समथ गाव आहे. बुटांचे कारखाने, पोलादाचा कारखाना, सगळं होतं. ते बुडालं, आणि त्या जागी रोख पैसे घेऊन चिठ्ठ्या फाडणारे दवाखाने उगवले. राज्यानं २०११ मध्ये कायदा करून त्यांना टाळं लावलं. धाक पूर्ण बसला. पण लागलेली तलफ कुठं जाणार? माणसं हेरॉइनकडं गेली, आणि २०१३ नंतर त्यात फेंटानिल आलं, जे हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट जहाल. २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी सगळ्या अमली पदार्थांनी मिळून एक लाखावर माणसं मेली, बहुतेक याच कुळातल्या द्रव्यांनी. २०२४ मध्ये आकडा बराच उतरला, तरी मोठाच आहे.

अ‍ॅन केस आणि अँगस डीटन या प्रिन्स्टनच्या जोडीनं २०१५ मध्ये दाखवलं की इथल्या मध्यमवयीन गोऱ्या लोकांत मृत्युदर वाढतोय, आणि मुख्यतः पदवी नसलेल्यांत. गोळ्या, दारू, आत्महत्या. पगाराची नोकरी गेली, तिच्यामागून संसार, चर्च, युनियन, संध्याकाळी चार माणसांत बसणं, सगळं गेलं. नुसत्या गरिबीनं हे झालं असं ते म्हणत नाहीत. माणसाला किंमत देणारी सगळी ठिकाणं एकदम उठून गेली, असं ते मांडतात.

शेवभाजी_तर्री_जास्त

म्हणजे कंपनीनं डॉक्टरला फसवलं, डॉक्टरनं पेशंटला आणि पेशंटनं स्वतःला. आपल्याकडं मधला डॉक्टर वगळलाय, थेट मेडिकल. खर्च वाचला.

छडीवाले_गुरुजी

धरणगावकर, माहिती उत्तम. पण आपल्याकडं कुठल्या कंपनीनं गोळ्या लादल्या? इथं पोरगा स्वतः जाऊन मागतो.

औषधवाली (धुळे)

गुरुजी, २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीनं उघड केलं की पालघर जिल्ह्यात कारखाना असलेली आपल्याच महाराष्ट्रातली एक कंपनी टॅपेंटाडॉल (अफूच्या कुळातलं) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं) एकत्र करून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. घाना, नायजेरियातली पोरं त्या गोळ्यांनी झिंगत होती. मग सरकारनं ते मिश्रण बंद केलं. लादणारे आपल्याकडंही आहेत, गिऱ्हाईक लांबचं होतं एवढंच.

केळीगाडी (रावेर)

मी केळीच्या गाड्या भरतो, म्हणजे माझ्याकडं माणसं आहेत भरायला. इथं सगळे ‘टवाळ पोरं’ धरून बोलताहेत, म्हणून लिहितो. माझ्या टोळीतली पोरं टवाळ नाहीत.

पहाटे बागेत शिरायचं, घड कापायचा, खांद्यावर कापडाची घडी टाकून बांधावरून गाडीपर्यंत न्यायचा. पाट सुटलेला असला तर गुडघाभर चिखल. चिकानं अंग काळं पडतं, शर्ट पुन्हा कधी पांढरा होत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, पण माल पिकायला थांबत नाही. दिल्लीची गाडी आजच सुटली पाहिजे. चाळिशीतला माणूस दिवस संपला की मान वळवू शकत नाही. डॉक्टरकडं गेला तर डॉक्टर म्हणतो पंधरा दिवस आराम. पंधरा दिवस आराम केला तर खाणार काय? मग कोणीतरी डबल पावरची गोळी देतो. दुखणं जातं, वर कामाला हुरूप येतो. सहा महिन्यांनी दुखणं नसलं तरी गोळी लागते. हा माणूस व्यसनी कधी झाला ते सांगा बरं? त्याला स्वतःला सांगता येत नाही.

ड्रायव्हर लोकांचं वेगळं. ते डोडा घेतात, अफूच्या बोंडाचा चुरा. चहात उकळून. झोप लागू नये, पाठ दुखू नये, आणि माल दिल्ली-पंजाबला वेळेवर पोचावा म्हणून. वेळेवर पोचल्याचे पैसे आम्हीच देतो. मग आम्ही कोण झालो?

गिरणीचा_भोंगा (अमळनेर)

केळीगाडी, शेवटचं वाक्य झोंबलं. लिहीत राहा.

पोर्ट्समथचं वाचून आमचं गाव आठवलं. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, जळगावची खान्देश मिल. सगळे भोंगे बंद झाले. माझे वडील साच्यावर होते. पण प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा आमच्या चाळीत गोळी आली नाही. दारू आली, जुगार आला, दोन-तीन घरं फुटली. बरीचशी माणसं मात्र तगली, कारण चाळ होती. कोणाकडं चूल पेटली नाही तर शेजारी कळायचं. साने गुरुजींनी याच गावात मुलांना शिकवलं, ती हवा थोडी उरलेली होती. शिवाय गावाकडं दोन बिघे तरी वावर असायचं. म्हणजे काम जाणं हे अर्धं कारण. काम गेल्यावर माणूस एकटा पडतो की नाही, हे उरलेलं अर्धं.

भुसावळ_जंक्शन

मोकळ्या वेळेचं मी सांगतो, मीही त्यातलाच. बी.एस्सी., मग पाच-सहा वर्षं भरतीच्या परीक्षा. अभ्यासिकेत सकाळी आठला जागा धरायची. जाहिरात निघत नाही, निघाली तर पेपर फुटतो, न फुटला तर निकाल कोर्टात अडकतो. गावात शेतीवर जावं तर बाप म्हणतो शिकवलं कशाला. लग्नाचं विचारू नका. पाच एकर बागायत असलेल्याला मुलगी देत नाहीत, मला कोण देतो. बत्तीस-चौतिशीची पोरं पारावर बसलेली असतात. लहान नाहीत आणि कर्तेही नाहीत. कोणी कार्यक्रमाला बोलवत नाही, कारण ‘काय करतोस सध्या’ हा प्रश्न येतो. मी गोळी घेतली नाही. का घेतली नाही, हे मात्र मला छातीठोक सांगता येणार नाही. माझा मित्र घ्यायचा. तो माझ्यापेक्षा हुशार होता.

खान्देशी_तोफ

लग्नाचा विषय आला की प्रत्येक धाग्याचं वऱ्हाड होतं.

अवांतर: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्ते कुटणारे आपण पोरांना व्यसनावर भाषण देतोय, हे चालतं का?

गिरणीचा_भोंगा (अमळनेर)

आखाजीचे पत्ते वर्षातून एकदा, तेही घरच्यांदेखत. चोरून नाही.

खान्देशी_तोफ

तेच म्हणतोय तात्या. चोरून नाही म्हणून आटोक्यात राहतं. आणि अफू काय खान्देशाला नवी? सेंधव्याचा घाट चढून पुढं गेलं की माळवा, तिथं मंदसौर-नीमचला आजही सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमचला सरकारचा कारखानाच आहे. आमची आजी सांगायची, पूर्वी कामाला जाणाऱ्या बाया रडक्या पोराला अफूची बाळगोळी चाटवून जायच्या. माल शतकानुशतकं शेजारी आहे. मग आत्ताच पोरं का लागली, हा धागाकर्त्याचा प्रश्न रास्त आहे.

कानबाईनी_लेक

मी वावरमा राबनारी बाई शे, अहिरानीमाच लिखस. ज्याना पोर्‍या बिगडना तो म्हनस दुसरानी बिगाडा. त्या दुसरानी माय बी तेच म्हनस. मंग बिगाडनारा शे तरी कोन? आम्हना गावले बाया एक व्हयन्यात, मत दिधं, बाटली आडवी व्हयनी, दुकान बंद. पन बाटलीनं दुकान दिखस तरी. या गोळीनं दुकान कोठे शे? खिसामा शे. ती कशी आडवी पाडवी, ते सांगा.

औषधवाली (धुळे)

ताई, लाखाचं बोललात. बाटलीच्या मतदानात नियम स्पष्ट आहे, निम्म्यांहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की परवाना रद्द. गोळीला परवाना दुखण्याचा आहे. दुखणं खरं असतं, म्हणून दुकान बंद करता येत नाही.

बाप_गेला_कण्हत

यावरून लिहावंसं वाटलं. गोळ्यांवर सरसकट बंदी मागणाऱ्यांनी दुसरी बाजूही ऐका. माझ्या वडिलांना जबड्याचा कॅन्सर. शेवटचे दोन महिने मॉर्फिन लागत होतं. तालुक्यात कुठं नाही. जिल्ह्याच्या एका दवाखान्यात विचारलं तर तिथला माणूस माझ्याकडं असा बघायला लागला की मीच गर्दुल्ला. १९८५ चा कायदा एवढा कडक की दवाखाने परवान्याच्या भानगडीत पडायलाच धजत नव्हते. २०१४ मध्ये दुरुस्ती करून नियम सोपे केले, पण भीती अजून गेलेली नाही. वडील उशी चावायचे. ज्याला नको त्याला बाटल्यांनी मिळतं, ज्याला हवं त्याला थेंब नाही. ठरावात ‘अशी औषधं गावात येऊ देणार नाही’ असलं काही लिहू नका.

धरणगाव_ते_कोलंबस

फार महत्त्वाचं. इथंही गोळ्या आवळल्यावर खरे दुखणाईत होरपळले.

वकीलसाहेब_साक्रीवाले

कायद्याचे दोन मुद्दे सांगतो, फी नको.

बहिष्काराचा ठराव झाला तर गुन्हा ठराव करणाऱ्यांवर दाखल होईल. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मयतीला जाऊ नये’ हे लेखी देणं म्हणजे पुरावा हातात देणं.

दुसरं, अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवन केल्याचा किंवा थोडा माल जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्या आरोपातून त्याला सुटका मिळू शकते. उपचार मात्र पुरे करावे लागतात. विकणाऱ्याला ही सवलत नाही. आमच्या भागात हे कलम घरच्यांना माहीत नसतं, आणि बऱ्याचदा वकिलालाही नसतं.

छडीवाले_गुरुजी

बहिष्काराच्या मी विरोधातच आहे, आधीही होतो. पण उपचार, उपचार करत राहिलात तर पोरांना वाटेल की खा, मग सरकार बरं करतं. जबाबदारी नावाची गोष्ट आहे की नाही?

खरा_आयडी_नको

फक्त या धाग्यासाठी खातं उघडलंय. गुरुजींना उत्तर देतो.

मी जळगावला चटईच्या कारखान्यात रात्रपाळीला होतो. बारा तास, लूमचा आवाज डोक्यात शिरतो तो सकाळी झोपल्यावरही चालूच. सोबतचा सिरप घ्यायचा. अर्धी बाटली, वर भरपूर साखरेचा चहा, मग अजून एक चहा. मजा वगैरे काही नव्हती. आवाज बंद व्हायचा, एवढंच. नंतर सिरप नसलं की आवाजही, आणि औषधवाली ताईंनी लिहिलेलं सगळंही.

घरच्यांनी पहिल्यांदा एका खासगी केंद्रात टाकलं. पैसे भरपूर, डॉक्टर नाही, मारहाण आहे. तिथून सुटलो त्याच आठवड्यात पूर्वीइतकंच घेतलं आणि मरता मरता वाचलो. कारण नंतर एका डॉक्टरनं सांगितलं: काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय मोडते, मग जुना डोस झेपत नाही. हे सुटताना कोणी सांगत नाही. दुसऱ्या वेळी सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात गेलो. ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं, अफूच्याच कुळातलं पण व्यसन सोडवायला देतात ते औषध, रोज समोर उभं करून देतात. गावात लोक म्हणाले, ही सुटका कसली, एक नशा सोडून दुसरी धरली. पण त्या गोळीनं झिंग येत नाही, तलफ दबते आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

गुरुजी, जबाबदारी घ्यायला हात रिकामे नकोत. मला आधी कोणी घमेलंही उचलायला बोलवत नव्हतं. एका नात्यातल्या काकांनी ठिबकच्या नळ्या पसरायला नेलं, रोज संध्याकाळी रोजाचे पैसे माझ्या आईच्या हातात दिले, मला दिले नाहीत. मला त्याचा राग यायचा. आता कळतंय. मध्ये एकदा घसरलो, तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं.

भुसावळ_जंक्शन

भाऊ, लिहिलंस त्याबद्दल आभार. खातं बंद करू नको.

छडीवाले_गुरुजी

वाचलं बाळा. विकणाऱ्याबद्दल माझं मत तेच आहे. तुझ्याबद्दल मी ते म्हणणार नाही.

धरणगाव_ते_कोलंबस

‘खरा आयडी नको’ यांनी जे अनुभवलं त्याला आधार आहे. व्हिएतनाममध्ये हेरॉइन घेणारे अमेरिकी सैनिक परत आले तेव्हा सरकार हादरलं होतं, आता देशभर व्यसनी पसरणार म्हणून. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा माग काढला, तर घरी परतल्यावर बहुतेकांनी सोडलेलं. युद्ध नाही, भीती नाही, जुनी टोळी नाही, घर आणि काम आहे. द्रव्य तेच, जागा बदलली.

आणि जीव वाचवायचं म्हणाल तर नॅलोक्सोन. या कुळातल्या द्रव्यानं श्वास थांबत आला की नाकात फवारा मारायचा, माणूस परत येतो. २०२३ पासून इथं चिठ्ठीशिवाय मिळतं. अल्प्राझोलामवर मात्र त्याचा उपयोग नाही.

औषधवाली (धुळे)

आपल्याकडं ते दवाखान्यात इंजेक्शन म्हणून असतं, गावात नाही. म्हणून गावातल्या माणसानं एवढं करावं: पोरगा हाका मारून उठत नाही, घोरल्यासारखा अडखळत श्वास, ओठ निळसर, तर १०८ लावा, कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, आणि काय खाल्लं ती पट्टी गाडीत सोबत द्या. पोलिसांच्या भीतीनं पट्टी नाल्यात फेकतात, मग डॉक्टर अंधारात.

व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६.

गिरणीचा_भोंगा (अमळनेर)

मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचाही दाखला घ्या. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली, तेव्हा अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं १९८६ मध्ये पुण्यात ते सुरू केलं. आज महाराष्ट्रभरातून लोक जातात. आपल्या पोरानं पुण्याला जावं की नाही हा पुढचा प्रश्न, पण परत आल्यावर तो याच पारावर येणार ना? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी डॉ. अभय बंग यांना तिथं २०१६ मध्ये मुक्तिपथ ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम सुरू करून गावोगावच्या लोकांना उभं करावं लागलं. कायदा एकटा पुरला असता तर हे कशाला?

केळीगाडी (रावेर)

माझ्यापुरतं ठरवलंय. भरणाऱ्यांची संख्या दोननं वाढवतोय, घड वाहायचं अंतर कमी पडेल असा गाडीचा रस्ता बागायतदाराकडून आधी करून घेतोय. गाडीमागं थोडे पैसे जास्त जातील. व्यापारी बोंबलतोय.

खान्देशी_तोफ

व्यापाऱ्याला म्हणावं, तूच एक घड उचल.

तापीकाठचा (चोपडा तालुका)

मंडळी, ग्रामसभा काल झाली. वकीलसाहेबांचा प्रतिसाद मी छापून नेला होता. बहिष्कारवाले एक लाख दंड वाचून गप्प झाले, माणुसकीनं नाही. असो.

ठरलं ते असं. पोरांची नावं ठरावात नाहीत. दवाखान्यात न्यायला दोघं जण पुढं आलेत, एक आशाताई आणि एक पूर्वी दारू सोडलेला गडी. जाण्यायेण्याचं भाडं पंचायत भागवेल. त्या काळात पोराच्या घरी रोजगार बुडाला तर मजुरी देण्यावरून खूप भांडण झालं, ते पुढच्या बैठकीवर गेलं. परत आलेल्याला रोजावर बोलवायला चार शेतकऱ्यांनी हात वर केले. पैसे आईच्या हातात, ही अट इथूनच उचलली. जिनिंगच्या जागेचा मालक मुंबईला असतो, तो फोन उचलत नाही.

अडलंय ते विकणाऱ्यापाशी. गावातल्या मेडिकलवाल्यानं रजिस्टर दाखवलं, ते चोख आहे. माल बाहेरून मोटारसायकलवर येतो आणि आणणारा कोण हेही सगळ्यांना माहीत आहे. ठरावात पोलिसांकडं तक्रार करायचं वाक्य होतं, ते सरपंचांनी खोडलं. आणणारा त्यांचा भाचा लागतो.

छडीवाले_गुरुजी

धागा सुरू झाल्यापासून मी हेच ओरडतोय. पोराला दवाखाना आणि भाच्याला पोलीस. यात कोणाचा विरोध आहे का?

खरा_आयडी_नको

नाही. फक्त तो भाचाही स्वतः घेत असेल. आमच्याकडं आणणारा घेणाराच होता, स्वतःचं भागवायला विकायचा.

वकीलसाहेब_साक्रीवाले

तक्रारीला ठराव लागत नाही, कोणीही नागरिक करू शकतो. अमली पदार्थांच्या माहितीसाठी १९३३ हा केंद्राचा क्रमांक आहे, नाव गुप्त ठेवता येतं. माल स्वतः पकडायला जाऊ नका, पंचनामा बिघडतो.

कानबाईनी_लेक

सरपंचनी बायकोले सांगा. भाचा तिना नही, त्याना शे.

तापीकाठचा (चोपडा तालुका)

जिजी, हे डोक्यात आलं नव्हतं. बचत गटाची बैठक सोमवारी आहे, तिथं वहिनी असतात. आमच्या घरचीही जाते. काय होतं ते लिहितो.